कोपऱ्यावरचा पूजेचा गोटा

नोकरीत पाहिलेल्या चोऱ्या, मारामाऱ्या आणि भाऊबंदकीच्या भांडणांची आता डोक्यात खिचडी झाली आहे. कोणतं प्रकरण कोणत्या ठाण्यातलं, हे सांगताना माझी गाडी अडते. सौंसर तहसिलीतलं त्या एका दगडाचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं आहे. ते सांगताना मला अजूनही मिशीला पीळ द्यावासा वाटतो. मिशी आता राहिली नाही, ही गोष्ट निराळी.

नावं कोणाचीच देत नाही. त्यातली काही माणसं गेली असतील, पण त्यांची मुलं-नातवंडं त्याच शिवारात राहतात आणि मला पांढुर्ण्याच्या बाजारात रामराम घालतात.

काळ मोठा उलथापालथीचा होता. स्वातंत्र्य आलं, मागोमाग मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि राज्यांची नव्यानं मांडणी झाली. आमची मोठी कचेरी नागपुरात, ते नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आमचा छिंदवाडा जिल्हा भोपाळकडे राहिला. मी मूळचा वर्ध्याकडचा. मला तिकडे जायची मुभा होती, पण मी सौंसरलाच राहिलो. इथली माणसं जे काय असेल ते तोंडावर बोलतात, आणि पोलिसाला तोंडावर बोलणारी माणसं परवडतात, हा माझा हिशेब होता.

तेव्हा सौंसर आणि मोहगावच्या मधल्या एका गावाची बरीच काळी जमीन बियाण्याच्या मोठ्या फार्मासाठी घ्यायचं सरकारनं ठरवलं होतं. काम चांगलंच होतं. पण ज्याच्या पायाखालची जमीन जाते, त्याला चांगलं काम लवकर पटत नाही. गावात कुरबूर सुरू झाली. वरच्या कचेरीनं फर्मान काढलं की जिथं जिथं अशी जमीन घेतली जाते आहे, तिथल्या ठाणेदारानं दर आठवड्याला अशांततेचा तक्ता पाठवावा. जमाव किती वेळा जमला, भांडण किती वेळा झालं, सरकारी माणसाला अडवलं किती वेळा. या मापानं वरचे साहेब ठरवणार की कोणतं गाव तापलेलं आणि कोणतं गार. मला हा प्रकार सुरुवातीपासूनच आवडला नव्हता. दुधाचं माप असतं, कापसाचं असतं, पण माणसाच्या मनातला राग कोणत्या मापानं मोजायचा ते त्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं.

पहिली मोजणी जुन्या राज्यात झाली होती. तेव्हाच्या अमिनानं, म्हणजे मोजणीदारानं, हद्दीवर घडीव दगड पुरले होते. प्रत्येक दगडावर छिन्नीनं बाणाची खूण होती. त्याच सुमाराला राज्य फिरलं, अमीन विदर्भाकडे गेला आणि नकाशाच्या पेट्या कोणत्या कचेरीत अडकल्या ते कोणालाच सांगता येईना. नवा अमीन आला तेव्हा एका बाजूचे दगडच जागेवर नव्हते. जमिनीवर वखर फिरलेला, खड्ड्याचा मागमूस नाही. गावाचा जुना मालगुजार पुढे झाला आणि म्हणाला की हद्द तर गाडीवाटेनंच जाते, मी सांगतो ना. नव्या अमिनानं त्याचं ऐकून गाडीवाटेवर नवे दगड लावायला घेतले.

या नव्या रेघेनं मालगुजाराचा संत्र्याचा बगीचा अलगद हद्दीबाहेर पडत होता. त्याच्या बदल्यात गाडीवाटेजवळची लहान शेतकऱ्यांची वावरं आत जात होती.

त्यातला एक शेतकरी मोठा फटकळ होता. पन्नाशीला आलेला, अंगानं काटक. पहिल्या मोजणीत आपलं वावर बाहेर होतं, आता आत कसं आलं, असं तो अमिनाला विचारायला गेला. अमिनानं पुरावा मागितला. याच्याजवळ पुरावा कुठला? मग चारचौघांसमोर तो गरजला, माझ्या वावरात गोटा गाडाल तर उपटून फेकीन. माणसं जमली, धक्काबुक्की झाली, अमिनाच्या दुर्बिणीची तिपाई आडवी झाली. फिर्याद आली, मी गुन्हा दाखल केला आणि त्याला हवालातीत आणून बसवलं. ते माझं कामच होतं.

तक्त्यातला आमचा आकडा त्या आठवड्यात टुणकन वर गेला. लगेच सर्कल साहेब, म्हणजे माझ्यावरचे इन्स्पेक्टर, आले. मोठे शिस्तीचे गृहस्थ, पण कागदावर फार विश्वास. त्यांनी ठाण्याच्या व्हरांड्यात बसून निकालच देऊन टाकला. नवे दगड उपटायची धमकी ज्यानं दिली, जुने दगडही त्यानंच उपटले असणार. दोन्ही गुन्ह्यांचं चालान, म्हणजे आरोपपत्र, त्याच्यावर करा. पुढच्या बाजाराच्या दिवसानंतर सशस्त्र तुकडी गावात येऊन राहील आणि तिच्या देखरेखीत नवी हद्द कायम होईल.

मी म्हटलं की साहेब, जुने दगड त्याचं वावर वाचवत होते, ते तो कशाला उपटेल? साहेब म्हणाले की तशी जुनी हद्द होती हे तरी कुठं सिद्ध झालं आहे? त्यांचं म्हणणं कायद्यानं बरोबर होतं. मला राग आला तो त्यामुळेच.

आता माझ्यासमोरचं काम स्पष्ट होतं. जुन्या हद्दीचा कोपरा सापडला नाही तर हा माणूस तुरुंगात जाणार, त्याचं आणि शेजाऱ्यांचं वावर जाणार आणि गावात बंदुका येणार. बाजाराचा दिवस काही लांब नव्हता.

मी हवालातीपाशी जाऊन त्याला विचारलं की तुझा कोणावर संशय आहे का. तो गजाला पाठ लावून बसला होता. वळलासुद्धा नाही.

"मी बोललो म्हून आत," तो म्हणाला. "जो नाही बोलला तो भाईर. हे काहून जी?"

ते वाक्य मला टोचलं.

दुपारी त्याची बायको भाकर घेऊन आली. ठाण्यात येणाऱ्या बायका साधारणपणे दारातूनच रडायला लागतात. ही रडली नाही. तिनं कडुलिंबाखाली फडकं ठेवलं, हवालदाराला भाकर तपासून घ्यायला सांगितली आणि सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, तो बोलला हे खरं हाय. मी नाही म्हनत नाही," ती म्हणाली. "पन त्याले गोटा उपटाचा असता नं, तं तुमाले बलावून तुमच्यासमोर उपटला असता. चोरून काम करनं त्याले जमतच नाही."

मला हसू आलं, कारण हे शंभर टक्के खरं होतं. तिला बसायला सांगून मी पहिल्या मोजणीची हकीकत विचारली. तिनं सांगितलं की पहिला दगड नाल्याकडच्या कोपऱ्यावर, बगीच्याच्या पलीकडे पुरला होता. सरकारी काम असलं तरी जमिनीत पहिला दगड जायचा म्हणजे पूजा हवीच. अमीनही भाविक होता. गावातल्या सवाष्णींना बोलावलं, दगडाला हळद-कुंकू वाहिलं, शेंदूर लावला, नारळ फोडला. खड्ड्यात हळकुंड, सुपारी आणि तांब्याचा पैसा टाकायचा मान हिला मिळाला होता. नेमकी जागा दाखवता येईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली की वखर फिरला, आता सारं रान एकसारखं झालं. मग जायला उठली आणि दारात थांबली.

"बाकीचे गोटे कोनीबी नेले असतीन. पन पूजलेला गोटा उपटाले कोनाचा हात धजला असन, तेच समजून नाही राहिलं."

ती गेली आणि मी तिथंच बसून राहिलो. माझ्या डोक्यात तिच्याच बोलण्याची दुसरी बाजू फिरू लागली. हात धजला, हे तर उघड होतं, कारण दगड जागेवर नव्हता. पण उपटल्यावर पुढे काय? साधा दगड विहिरीत टाकता येतो, फोडता येतो, बांधकामात चिणता येतो. शेंदूर लावलेला दगड इकडचा माणूस विहिरीत टाकेल? फोडेल? मी इतकी वर्षं या लोकांत काढली होती. देवळातली समई चोरणारा चोरसुद्धा आधी देवाच्या पाया पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्यानं तो दगड नेला, त्यानं तो कुठंतरी मानानं ठेवला असणार. आणि एकदा ठेवला म्हणजे त्याचं करावंही लागणार.

मी आमच्या हवालदाराला बोलावलं. हा हवालदार म्हणजे बोलघेवडा माणूस. रोजनामचा लिहायला बसवला तर जांभया द्यायचा, पण बाजारात सोडला की परत येताना सगळ्या तहसिलीची खबर पिशवीत घालून आणायचा. त्याला सांगितलं की या भागातल्या किराणा दुकानांत चौकशी कर, सण नाही, वार नाही, तरी शेंदूर आणि नारळ कोण नेतो आहे. हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. साहेबांना उन्हाळा बाधला असं त्यानं बाहेर जाऊन कोणाला तरी सांगितल्याचं मला मागाहून कळलं.

मोहगावहून तो परतला तेव्हा मात्र चेहरा खुललेला होता. तिथला दुकानदार सहज बोलून गेला होता की मालगुजाराच्या बगीच्याचा मुकादम हल्ली भारी देवभोळा झाला आहे. आधी कधी देवाचं नाव न घेणारा माणूस, आता दर मंगळवारी शेंदूर, तेल आणि नारळ नेतो.

मी मुकादमाला ठाण्यात बोलावलं. दरडावलं नाही. बसायला बाक दिला, चहा पाजला. माझ्या नोकरीचा अनुभव असा की मारानं माणूस तुम्हाला हवं ते बोलतो आणि निवांत बसवला तर त्याच्या मनात असतं ते बोलतो. मला दुसरं पाहिजे होतं. संत्र्याचा बहार, पाण्याची मोट, बैलांच्या किमती, सगळं बोलून झालं. मग हद्दीच्या दगडांचा विषय काढला. मुकादम पाठ केल्यासारखा बोलत होता. आपण तर बगीच्यातच असतो, दगड कोणी नेले ते ठाऊक नाही, बाजाराच्या दिवशी गाव रिकामं असतं, तेव्हा कोणीही बैलबंडी आणून नेऊ शकतो. बंडीचं मी काहीच विचारलं नव्हतं. ते मी मनात टिपून ठेवलं. शेवटी सहज म्हणालो की बाकीच्या दगडांचं जाऊ दे, त्या पूजेच्या दगडाचं काय झालं असेल रे?

मुकादमानं झटकन हात कानांना लावले. पाठ केलेलं बोलणं तिथंच संपलं. खोटं बोलणाऱ्या माणसाची जीभ बघायची नसते, हात बघायचे असतात, हे मी पुढे नव्या शिपायांना कायम सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदार, दोन पंच आणि मुकादम यांना घेऊन बगीच्यात गेलो. पंचांतले एक मोहगावच्या शाळेचे मास्तर होते. मालगुजारही आला, काठी टेकत, पोलीस आपल्या बगीच्यात कसे याचा चेहऱ्यावर राग. गावातली माणसं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभी राहिली. त्यांत ती बाईही होती.

विहिरीजवळ मोहाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बुडाशी शिवारातल्या देवांची ओळ. आमच्याकडे हे देव म्हणजे नाल्यातले गोलगुळगुळीत गोटे असतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढून त्यांच्यावर जाड पापुद्रे आलेले असतात आणि अंग अर्धं जमिनीत गेलेलं असतं. त्या ओळीच्या टोकाला एक देव मात्र जमिनीवर सरळ उभा होता. शेंदूर ताजा, लखलखीत. आणि त्याला चार कडा होत्या. नाल्यात वाहून आलेल्या दगडाला कडा राहत नाहीत. त्या छिन्नीनं काढाव्या लागतात.

मी पंचांना म्हटलं, शेंदूर खरवडून खाली खूण आहे का पाहा. मास्तर दोन पावलं मागे सरकले. दुसऱ्या पंचानं हात जोडले. हवालदाराकडे पाहिलं, तर तो झाडावरचे पोपट मोजत होता. मालगुजाराच्या चेहऱ्यावर हसू आलं. तो मोठ्यानं म्हणाला की हे आमच्या आजापासूनचे देव, ठाणेदारानं हात लावूनच दाखवावा. धुऱ्यावरची माणसं कुजबुजू लागली. मी हात लावला असता तर ज्या गावाला वाचवायला गेलो, तेच गाव माझ्या अंगावर आलं असतं. मालगुजाराला नेमकं तेच पाहिजे होतं. तक्त्यात भरायला आणखी एक दंगा मिळाला असता.

मग मी मुकादमाला पुढे बोलावलं. आवाज चढवला नाही.

"मुकादम, देवाला मी हात लावत नाही. तू लाव. त्याच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग की हा इथं मालकाच्या आजापासून आहे. एवढं म्हण, मी पंचनामा न करता परत जातो."

मुकादम दगडाजवळ गेला, वाकला. हात पुढे केला आणि तसाच अधांतरी राहिला. मालगुजार त्याला खेकसून म्हणाला की म्हण ना, काय अडलं? मुकादमानं हात मागे घेतला आणि तो त्या दगडासमोर खालीच बसला.

"नाही होत मालक," तो म्हणाला. "बाकीचे टाकले जी म्या, जुन्या विहिरीत. तुमी सांगतलं म्हून टाकले. ह्याले टाकाले हात नाही उचलला. रोज पाया पडून राहिलो, तरी झोप नाही लागून राहिली."

पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मालगुजारानं ते तिथंच बोलूनही दाखवलं. पण आरोपीनं स्वतः जागा दाखवली आणि तिथं मुद्देमाल निघाला तर तो चालतो. मुकादमानं जुनी कोरडी विहीर दाखवली. शिपाई दोर लावून उतरले आणि बाणाचे दगड एकेक करून वर आले. मग त्यानं नाल्याकडचा कोपरा दाखवला. वखर फिरवणारा तोच, त्यामुळे जागा त्याच्या पायांना माहीत होती. तिथं खणलं. काळ्या मातीत हळदीनं पिवळी झालेली सुपारी निघाली, हळकुंड निघालं आणि हिरवा पडलेला तांब्याचा पैसा निघाला.

मी त्या बाईला पुढे बोलावून हे ओळखता येतं का, असं विचारलं. ती खाली बसली, सुपारी तळहातावर घेतली आणि नवऱ्याला धरून नेल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "हे म्याच टाकलं होतं."

शेवटी त्या दगडाचा शेंदूर कोणी काढला? मुकादमानंच. आधी नारळ फोडला, माफी मागितली आणि तेलात भिजवलेल्या फडक्यानं शेंदूर हळूहळू पुसला. खालून बाणाची खूण निघाली. मास्तरांनी पंचनाम्यावर सही केली तेव्हा त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं होतं.

सशस्त्र तुकडी आली नाही. कोपरा सापडल्यावर अमिनानं पुन्हा मोजणी केली, हद्द जुन्या रेघेवर गेली, लहान शेतकऱ्यांची वावरं बाहेर आली आणि मालगुजाराचा बगीचा फार्मात गेला. मुकादमाला हलकी शिक्षा झाली. मालगुजारानं हात वर केले आणि कोर्टात सुटला, याचा मला आजही संताप येतो. पण त्याचा बगीचा गेला, आणि तो मी घालवला, हे म्हणताना मला आजही बरं वाटतं.

एक पेच राहिला होता. तो दगड आता खटल्यातला मुद्देमाल होता. कायद्यानं तो ठाण्याच्या कोठीत, चोरीच्या सायकली आणि गावठी दारूच्या भांड्यांशेजारी ठेवायला हवा होता. बंडी आली तेव्हा गावातलं कोणी तो उचलू देईना, आणि माझ्या शिपायांनाही ते नकोच होतं. मी परवानगी काढून दगड त्याच्या मूळ जागी पुन्हा पुरला आणि सुपुर्दनामा करायला घेतला. म्हणजे जप्त वस्तू एखाद्या भरवशाच्या माणसाच्या हवाली करायची आणि कोर्टानं विचारलं की ती जागेवर आहे याची जबाबदारी त्याच्यावर. हवालदारानं विचारलं, कोणाच्या नावानं लिहू? मी त्या फटकळ शेतकऱ्याचं नाव सांगितलं. अमिनाला अडवल्याच्या खटल्यात तो तेव्हा जामिनावर सुटला होता, आणि पुढे त्यात समज देऊन सोडून दिला गेला. दगड उपटल्याचा डाग मात्र त्याच्यावर राहिला नाही.

त्यानं अंगठा उठवला, दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, आता ह्याले कोनी हात लावला तं?"

"तं तुलेच धरीन," मी म्हणालो.

तो त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा हसला.

त्या आठवड्याच्या तक्त्यात मी सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिलं आणि खाली शेरा मारला की उपटलेला दगड जागेवर आला. सर्कल साहेबांनी शेऱ्यासाठी रकाना नसल्याचं कळवलं. मला जे शिकायचं होतं ते मी त्या गजाआडच्या माणसाकडून शिकलो होतो. जमिनीचं भांडण ओरडण्यापासून सुरू होत नाही. ते कोणीतरी गुपचूप दगड हलवतो तेव्हा सुरू होतं, आणि तक्ता मात्र ओरडणाऱ्यालाच मोजतो. पुढे जिथं जिथं बदली झाली, तिथं माणसं गरजताना दिसली की मी आधी विचारायचो, इथला दगड कोणी हलवला? बहुतेक ठिकाणी उत्तर सापडलं, आणि माझ्या ठाण्यातून अशा गावावर एकही गोळी सुटली नाही.

निवृत्तीनंतर मी पांढुर्ण्यात घर केलं. मध्ये एकदा मोहगावला लग्नाला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम नाल्याकडे वळलो. दगड कोपऱ्यावर होता, शेंदूर ताजा होता. मी जवळ जाऊन वाकलो, तर पलीकडच्या वावरातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"कोन हाय तिथी? हात लावू नका, त्याची जबाबदारी मायावर हाय."

मी उभा राहिलो, तेव्हा त्यानं मला ओळखलं.